पोस्ट बंद नको, यादी बदला

'ऑफिसात कुजबुज होते, तर व्यायामाचे फोटो टाकणंच थांबवा' हा लेखातला सल्ला पटला नाही. बघणारे कोण, एवढं ठरवलं तरी पुष्कळ.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला बरेच जण 'अमुक सोडून सगळे' ठेवतात आणि तिथंच फसतात. विभागात नवा माणूस आला, एकमेकांचे नंबर सेव्ह झाले, की तो आपोआप बघणाऱ्यांत. त्यापेक्षा 'फक्त यांनाच' निवडून धावणाऱ्या मंडळींची नावं टाका. बदल पुढच्या स्टेटसपासून लागू होतो. आधीचं 24 तास तसंच दिसतं, नको असेल तर डिलीट करा. इन्स्टाग्रामवर एखाद्यापासून स्टोरी लपवली तरी पोस्ट आणि रील त्याला दिसतातच. खातं प्रायव्हेट केल्यानं जुने फॉलोअर जात नाहीत, ते एकेक काढावे लागतात. काढल्याचं नोटिफिकेशन त्यांना जात नाही, निर्धास्त राहा.

धावण्याची नोंद आणि नकाशा इतरांना दाखवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपकडे मात्र नीट बघा. फेऱ्या सिद्धेश्वर तलावाला मारल्या तरी घड्याळ घराच्या दारात सुरू केलं की नकाशावर गल्ली उमटते. त्याच्या 'मॅप व्हिजिबिलिटी' सेटिंगमध्ये सुरुवात आणि शेवट 1,600 मीटरपर्यंत झाकता येतो. 200 मीटर अगदीच तोकडे. त्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात धावणं पहाटेच होणार, म्हणजे तुमची वेळही सगळ्यांना पाठ.

आणि दंड-पोटावर कुणी फार दिवस बोलत नाही हो. चघळलं जातं ते सिक लीव्हच्या दिवशी टाकलेलं 10 किलोमीटर, किंवा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलेला जिममधला सेल्फी. यादीतलाच कुणी स्क्रीनशॉट पुढे पाठवला तर कुठलीच सेटिंग कामाची नाही.