नात्याचा रकाना

शनिवार-रविवारची सुट्टी मराठवाड्यात घालवावी असा विचार तुमच्या मनात आला असेल, आणि तुम्ही पुरुष असून तुमचा जोडीदारही पुरुषच असेल, तर सर्वप्रथम तुमचे अभिनंदन. कारण या प्रदेशात तुमच्याइतकी सोय दुसऱ्या कोणत्याही जोडप्याची होत नाही. छत्रपती संभाजीनगरात चौदा वर्षे राहून आणि त्यांतली नऊ वर्षे जवळपास प्रत्येक जोडसुट्टीला ‘मित्राबरोबर’ बाहेर पडून मिळवलेला हा अनुभव मी तुमच्यापुढे ठेवत आहे. त्याचा लाभ घ्यावा आणि वाचून झाल्यावर तो फोनमधून पुसून टाकावा.

सोय म्हणजे काय, हे लॉजच्या काउंटरवर कळते. लग्न न झालेली मुलगा-मुलगी तालुक्याच्या गावी लॉजवर आली, तर मॅनेजर चष्मा लावतो, आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहतो, ‘लोकल आयडी चालत नाही’ असे सांगतो, मुलीच्या गळ्याकडे नजर टाकतो आणि शेवटी खोल्या शिल्लक नसल्याचे जाहीर करतो. तुम्ही दोघे पुरुष गेलात, की तोच मॅनेजर मान वर न करता म्हणतो, ‘गरम पाणी सकाळी सहा ते आठ, पाव्हणे.’ संस्कृतीच्या रक्षणासाठी बसवलेला हा पहारेकरी दारावर डोळे लावून असतो, आणि तुम्ही त्याच दाराने, त्याच्याच नोकराच्या हाती बॅगा देऊन, आत जाता. एवढ्या सुखात एकच खडा असतो, आणि तो रजिस्टरात असतो.

लॉजच्या रजिस्टरात नाव, वय, कुठून आले, कुठे जाणार आणि येण्याचे कारण एवढे लिहून झाले, की शेवटी एक अरुंद रकाना येतो: सोबतच्या व्यक्तीशी नाते. या रकान्याचा अभ्यास केल्याशिवाय घराबाहेर पडू नये. नवख्या माणसाला वाटते की ‘भाऊ’ लिहिले म्हणजे सुटलो; परंतु ‘चुलत भाऊ’ कधीही लिहू नये, कारण चुलत भावांचे आडनाव एकच असते आणि तुमच्या दोन आधार कार्डांवर दोन आडनावे असतात. ‘मावसभाऊ’ हे त्यामानाने शास्त्रशुद्ध वाटते, कारण तेथे आडनाव वेगळे असायलाच हवे. अडचण अशी की मराठवाड्यात आडनाव हे नुसते आडनाव नसते. काउंटरवरचा माणूस दोन्ही आडनावे शेजारी ठेवून वाचतो, आणि या दोन घरांत सोयरीक होणे शक्य नाही, हे त्याला कोणत्याही जनगणनेशिवाय ठाऊक असते. आम्ही एकदा ‘मावसभाऊ’ लिहिले, तेव्हा मॅनेजरने पेन खाली ठेवले आणि हळू आवाजात विचारले, ‘मावशीनं पळून जाऊन लगीन केलतं का?’ आम्ही त्या नसलेल्या मावशीच्या वतीने होकार दिला. ती सुखात आहे ना, घरच्यांनी पुन्हा जवळ केले का, लेकरे किती, अशी त्याने मनापासून चौकशी केली, आणि जिना चढताना माझ्या लक्षात आले की आमच्या दोघांच्या खानदानात धाडस करणारी एकच व्यक्ती आहे आणि तिचा जन्मच झालेला नाही. तेव्हापासून मी ‘मित्र’ लिहितो. जात न विचारता खपते असे आपल्याकडे एवढे एकच नाते आहे.

आता प्रवासाविषयी. एसटीने जावे, परंतु खर्चाचा हिशेब नीट मांडावा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे नवरा-बायकोचे जोडपे दीड तिकिटात तुळजापूरला पोहोचते. तुमच्या संसाराला पूर्ण दोन तिकिटे पडतात. सवलतीबद्दल माझी तक्रार नाही, आया-बहिणींना ती मिळायलाच हवी. फक्त घरखर्चाच्या वहीत ‘प्रवास’ या शब्दापुढे अर्ध्या तिकिटाची जी तूट वर्षानुवर्षे साचत गेली आहे, तिला कोणत्या खात्यावर टाकावे, एवढे कळत नाही.

पहिला मुक्काम अर्थातच वेरूळ. शहरापासून सुमारे ३० किलोमीटर असल्याने एका दिवसात जाऊन येता येते; मात्र मंगळवारी लेणी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी, ही दोन वारांची गल्लत करून अनेक जोडपी आयुष्यभर एकमेकांना दोष देत राहिलेली आहेत. ३४ लेण्यांपैकी सोळाव्या लेण्यासमोर, म्हणजे कैलासासमोर, सगळेच थांबतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे मंदिर कळसापासून पायाकडे, म्हणजे वरून खाली, कोरत आणले गेले, असे गाईड सांगतो, आणि उलट्या बाजूने सुरुवात करूनही वस्तू देखणी होऊ शकते, हे वाक्य मनात येऊनही तुम्ही गप्प बसता. एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वतीच्या विवाहाचे शिल्प आहे. तेथे गाईड जोडप्याला उभे करून फोटो काढतो आणि तुम्हा दोघांना विचारतो, ‘तुमचं झालं का लगीन?’ नाही म्हटल्यावर तो देवाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘मग पाया पडा, वर्षाच्या आत होतंय.’ आम्ही गेली नऊ वर्षे पाया पडत आहोत.

तेथून घृष्णेश्वराच्या दर्शनाला जावे. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातला शर्ट आणि बनियन काढून ठेवायचे असते, आणि मग अनेक उघड्या पाठी एकमेकींना खेटून घामाघूम उभ्या राहतात. कोणाला काही वाटत नाही. तुम्हीही काही वाटून घेऊ नये आणि लक्ष पिंडीकडे ठेवावे.

देवगिरीला मात्र निवांत वेळ काढावा. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी येथे हलवली, त्यामुळे एका माणसाच्या मनात आले म्हणून सगळ्यांनी बाडबिस्तरा उचलावा, ही आपल्याकडची पद्धत किती जुनी आहे ते समजते. या किल्ल्यात ‘अंधारी’ नावाचा वळणावळणाचा काळोखी भुयारी मार्ग आहे. शत्रूला आपला कोण आणि परका कोण हे कळू नये म्हणून तो केलेला आहे, आणि हे तंत्र तुम्हाला घरी चांगलेच परिचयाचे असते. आत वटवाघळांचा उग्र वास येतो, पायऱ्या असमान आहेत, आणि तेथे जोडीदाराचा हात धरणे हा प्रेमाचा नव्हे तर सुरक्षिततेचा उपाय ठरतो. पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा मला वाटले की मराठवाड्यात हात धरण्याजोगी जागा सापडली.

माझा हा समज कन्नडच्या आठवडी बाजाराने दूर केला. तेथे भर उन्हात, भर गर्दीत, दोन तरणी पोरे एकमेकांच्या करंगळीत करंगळी अडकवून कांद्याच्या ढिगाशेजारून चालली होती. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्याने त्याच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली, आणि बाजारातल्या एकाही माणसाने वळून पाहिले नाही. त्यांच्यामागून आम्ही दोघे शहरी, सुशिक्षित, जागरूक पुरुष मध्ये दीड हाताचे अंतर राखून चाललो होतो. हात धरण्याचा अर्थ त्या पोरांना ठाऊक नव्हता म्हणून त्यांना तो धरता येत होता, आणि आम्हाला ठाऊक होता म्हणून आमचे हात खिशात होते. तेव्हा वाचकहो, मराठवाड्यात हिंडताना काहीही करावे, फक्त त्याचा अर्थ चेहऱ्यावर उमटू देऊ नये. एका खाटेवर झोपा, एका ताटात जेवा, एकाच रुमालाने तोंड पुसा. या भूमीला कृतीचे वावडे नाही, शब्दाचे आहे.

फोटोंच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. एकाने उभे राहावे, दुसऱ्याने फोटो काढावा, मग जागा बदलावी. बीबी का मकबरा, पैठणचा नाथसागर जलाशय, म्हैसमाळची पावसाळी टेकडी, सगळीकडचे आमचे फोटो आहेत. प्रत्येकात एकच माणूस आहे, आणि हा फोटो काढला कोणी, असा प्रश्न आजवर एकाही नातेवाइकाला पडलेला नाही.

नळदुर्गला पावसाळ्यात जावे. बोरी नदी अडवून किल्ल्यात बांधलेल्या पाणी महालावरून दोन धबधबे कोसळतात, आणि त्यांची नावे नर आणि मादी अशी आहेत. खाली पडायचे असले तरी आपल्याकडे पाण्यालासुद्धा जोडी नियमाप्रमाणे लावावी लागते, हे पाहून समाजव्यवस्थेबद्दलचा आदर वाढतो. यांतला नर कोणता, असे मी तेथे दोघांना विचारले. एकाने डावा दाखवला आणि दुसऱ्याने उजवा. दोघांनाही पूर्ण खात्री होती.

एकटे हिंडत असाल तर फोनमधल्या डेटिंग अॅपवर विसंबू नये. मुंबईत जी माणसे दोनशे मीटरवर दिसतात, ती परभणीच्या पुढे चाळीस किलोमीटरवर दिसू लागतात, आणि त्यांना चेहरा नसतो; कोणी सूर्यास्त असतो, कोणी मोटारसायकल, कोणी नुसता दंड. संभाषणाची सुरुवात ‘जागा आहे का?’ या प्रश्नाने होते आणि बहुधा तेथेच संपते, कारण जागा कोणाकडेच नसते. ज्याच्याकडे जागा आहे, गाडी आहे आणि घाईही आहे, त्याच्यापासून दूर राहावे. गोड बोलून बोलवायचे, चित्रण करायचे आणि घरी दाखवतो म्हणून पैसे उकळायचे, हा धंदा करणाऱ्या टोळ्या आहेत, आणि हे मी विनोदाने सांगत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निकाल दिला. त्यामुळे अशा प्रसंगी गुन्हेगार तुम्ही नसून खंडणी मागणारा असतो. तुम्ही निर्धास्तपणे ठाण्यात जाऊ शकता. तेथे तुमचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि घटना घडली तेव्हा त्या खोलीत तुम्ही कशासाठी गेला होता, एवढेच लिहून घेतात.

हिवाळ्यात हुरड्याचे दिवस आणि लातूर-धाराशिवकडची येळवस चुकवू नये. मार्गशीर्ष अमावस्येला सारे लातूर शहर कुलूप लावून शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते, आणि भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे एवढे वाढले जातात की माणूस बांधावरच आडवा होतो. आमच्या ‘मित्राचे’ शेत तिकडे आहे. (आमचे हे, असे मी लिहिणार होतो; जोडीदाराचे नाव न घेण्याची आपली जुनी चाल एवढ्या कामाची असेल असे पूर्वी वाटले नव्हते.) तेथे मला शहरातला पाहुणा म्हणून पहिला पाट मिळतो. गेल्या येळवशीला जेवणे झाल्यावर त्याच्या आईने मला बाजूला, चिंचेच्या झाडाखाली, बोलावले आणि पदराने डोळे टिपत म्हटले, ‘बापू, तुमचं ऐकतंय ते. तेवढं लग्नाचं समजावून सांगा त्याला. आमचं वय झालं आता.’

मी त्या माउलीला शपथेवर सांगितले की माझ्याकडून प्रयत्नांत कसूर नाही. हे शब्दशः खरे होते. अडचण त्याच्या बाजूने नव्हती आणि माझ्याही नव्हती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न संसदेकडे सोपवला, एवढे मी तिला सांगितले नाही. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली आणि जाताना डबाभर भज्जी बांधून दिली. अशा घरी जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. पेढे न्यावेत, परंतु कशाचे म्हणून विचारतील, त्याचे उत्तर वाटेतच ठरवून ठेवावे.

शेवटचा मुक्काम अंबाजोगाईचा असावा. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगडाचे झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी तेथली आख्यायिका आहे. ती कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे, आणि पोराचे लग्न जुळू दे म्हणून माणसे दूरदूरहून तिच्यापुढे येऊन ओटी भरतात. स्वतः लग्न न केलेल्या देवीकडे हे मागणे कोणाला विचित्र वाटत नाही. तिला आजवर कोणी ‘कामून नाही केलं?’ असे विचारले असेल, असे मला वाटत नाही.

त्या रात्री लॉजच्या काउंटरवर एक वयस्कर काका बसले होते. दिवे गेले होते, आणि ते बॅटरीच्या उजेडात स्वतःच रजिस्टर भरत होते. आमच्या आधी नांदेडहून आलेले एक कुटुंब नोंदवलेले होते, आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘पत्नी’ असे लिहिलेले होते. काकांनी आमची नावे लिहिली, वये लिहिली, येण्याचे कारण ‘दर्शन’ लिहिले. मग त्यांना बहुधा कंटाळा आला असावा, कारण नात्याच्या रकान्यात त्यांनी काहीही न विचारता वरीलप्रमाणेच्या दोन छोट्या रेघा ओढल्या आणि वही मिटली. आम्ही दुरुस्ती सुचवली नाही. किल्ली घेऊन वर गेलो, तर खोलीत दोन खाटा होत्या, दोन टोकांना, आणि मध्ये पाण्याचा माठ.