फेज डायग्राम आणि कूलिंग रेट दिला की झालं?

गोव्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या फोनवर एक दावा फिरतोय: 'वितळलेला धातू जितक्या झपाट्याने थंड कराल तितकं अंडरकूलिंग जास्त. सिम्युलेशनला फेज डायग्राम आणि कूलिंग रेट द्या, ग्रिड बारीक करा, मिश्रधातू कसा गोठतो ते तंतोतंत दिसेल.'

(फेज डायग्राम म्हणजे कोणत्या तापमानाला मिश्रधातूचा कोणता भाग घन आणि कोणता द्रव, याचा नकाशा. कूलिंग रेट म्हणजे थंड होण्याचा वेग. ग्रिड म्हणजे गणितासाठी पाडलेल्या खान्यांची जाळी.) पहिलं वाक्यच घ्या. अंडरकूलिंग म्हणजे गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहणं. शाळेच्या प्रयोगशाळेतला हायपो (सोडियम थायोसल्फेट) स्वच्छ परीक्षानळीत घालून गरम पाण्यात पूर्ण वितळवा, तोंडाला कापूस लावा आणि टेबलावर ठेवून द्या. तो ४८ अंशांना गोठायला हवा. पण पणजीच्या उकाड्यात ३० अंशांवर येऊनही तो पातळच राहतो. बर्फ नाही, घाई नाही. वरून हायपोचाच एक खडा टाकला की स्फटिक नळीभर पसरतात आणि नळी हाताला गरम लागते. काठाला न वितळलेला कण चिकटून राहिला असेल तर मात्र प्रयोग फसतो.

धातूचंही तेच. डिचोलीची पितळी समई साच्यात ओतली की साच्याच्या भिंतीवर केंद्रकं, म्हणजे स्फटिकाची पहिली बीजं, लगेच धरतात. अंडरकूलिंग फारसं साधतच नाही. उलट निकेलचा थेंब विद्युतचुंबकीय क्षेत्रात अधांतरी ठेवला किंवा वितळलेल्या काचेत गुंडाळला, तर सेकंदाला १० अंश इतक्या सावकाश गतीनेही तो आपल्या १४५५ अंशांच्या द्रवणांकाच्या खाली २०० अंश जाऊन द्रवच राहतो. झपाटा असतो तो पुढच्या स्फटिकाच्या वाढीत.

म्हणूनच नुसता कूलिंग रेट इथे कामाचा नाही. एवढ्या अंडरकूलिंगला निकेलचे डेंड्राइट, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेले स्फटिक, सेकंदाला १० मीटरहून वेगाने धावतात. ६ मिलिमीटरचा थेंब मिलिसेकंदाच्या आत पार होतो. तेवढ्यात बाहेर जाणारी उष्णता थेंबाला अंशाच्या शंभराव्या भागाइतकीही थंड करत नाही. गोठताना सुटणारा अप्रकट उष्मा थेंबातच मुरतो आणि तापमान उसळी मारून वर येतं. उसळीत किती भाग गोठला, याचा ढोबळ हिशेब सोपा: अप्रकट उष्म्याला द्रवाच्या विशिष्ट उष्म्याने भागा. निकेलसाठी उत्तर साधारण ४०० ते ४५० अंश येतं. अंडरकूलिंगला या आकड्याने भागा: २०० अंशांना जेमतेम निम्मा थेंब. उरलेला नंतर निवांत गोठतो. सिम्युलेशनला आधी सांगायचं ते हे, की केंद्रक किती अंडरकूलिंगला आणि कुठे धरलं.

फेज डायग्राम समतोलाचा असतो. वेगाने सरकणारा इंटरफेस, म्हणजे घन आणि द्रव यांची सीमा, विद्राव्याला (मिसळलेल्या दुसऱ्या धातूला) बाजूला व्हायला सवडच देत नाही, ते घनात अडकतं. यालाच ट्रॅपिंग म्हणतात. मायकेल अझिझ यांनी १९८२ साली याचं सूत्र मांडलं: विभाजन गुणांक (सीमेवर घनातल्या आणि द्रवातल्या विद्राव्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर) = (kₑ + V/V_D) / (1 + V/V_D). इथे kₑ समतोलाचा गुणांक, V इंटरफेसचा वेग आणि V_D विसरण-वेग. समतोलाचा गुणांक ०.१ असेल आणि इंटरफेसचा वेग विसरण-वेगाइतका झाला, तर गुणांक ०.५५ होतो. साडेपाच पट फरक! डायग्राममधली ०.१ तशीच ठेवली तर डेंड्राइटच्या टोकाचं रसायनच चुकतं.

राहिली ग्रिड. खरा इंटरफेस नॅनोमीटरभर जाडीचा. फेज-फील्ड या सिम्युलेशनच्या पद्धतीत तो सोयीसाठी दहापट, शंभरपट फुगवतात. त्या फुगवट्यामुळे खोटंच ट्रॅपिंग उपटतं. ते काढायला अलेन कार्मा यांनी २००१ साली अँटिट्रॅपिंग करंट, म्हणजे समीकरणातली एक जास्तीची दुरुस्तीची संज्ञा, सुचवला. पण मंद वाढीसाठीचा तो उपाय वेगवान वाढीत जसाच्या तसा लावला की खोट्याबरोबर खरं ट्रॅपिंगही पुसलं जातं. शिवाय धातूत उष्णता विद्राव्याच्या हजारो पट वेगाने पसरते. १० नॅनोमीटरच्या ग्रिडवर उष्णतेचं समीकरण एक्स्प्लिसिट पद्धतीने (आधीच्या क्षणावरून थेट पुढचा क्षण काढून) सोडवलं तर द्विमितीत टाइम स्टेप, म्हणजे एका टप्प्याचा काळ, अडीच पिकोसेकंदांच्या आसपास येते. कितीही दिवस यंत्र चालवा, थेंब संपणार नाही. तापमानासाठी वेगळी जाड ग्रिड घ्या किंवा मोठी टाइम स्टेप चालणारी इम्प्लिसिट पद्धत वापरा.

आणि निकाल दाखवण्याआधी इंटरफेसची जाडी निम्मी करून, त्यात ग्रिडचे किमान चार-पाच खाने ठेवून, तेच गणित पुन्हा चालवा. टोकाचा वेग लक्षात येण्याइतका बदलला, तर पडद्यावरचं ते देखणं झाड अजून तुमच्या जाडीचंच आहे, धातूचं नाही.