सतरा नंबरचं जेवण

बँकॉकला जायची घरातल्या चौघांची चार कारणं होती. चिरंजीवांना टुकटुकमध्ये बसायचं होतं. बायकोला सोन्याची दुकानं बघायची होती. आईला देवळात कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे राजाचं नावच राम असतं. माझं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी अलिबागचा. मला कोळंबी खायची होती.

स्वस्तात मिळालेलं तिकीट २०२४च्या ऑक्टोबरातलं होतं. काढून झाल्यावर कॅलेंडर बघितलं, तर ऐन नवरात्र. आमचे घट थोरल्याकडे बसतात म्हणून आईला निघता आलं. पण तिच्या गळ्यातली माळ आणि नऊ दिवसांचा कांदा-लसूण बंद, हे दोन्ही विमानात बसले. उपास उठता-बसता, म्हणजे मधले दिवस जेवायची हाच काय तो दिलासा. शिवाय पिशवीत दशम्या होत्याच.

राजवाड्याच्या फाटकाशी पहिली माशी माझ्याच गुडघ्यांवर शिंकली. तिथे हाफ पँट चालत नाही. बायकोने हे आदल्या रात्री सांगितलं होतं म्हणे. समोरच्या फुटपाथवर हत्ती छापलेली एक झिरझिरीत विजार मिळाली, ती चढवली. मग दिवसभर मी चाललो की अख्खा कळप चालायचा.

तिकीट माणशी ५०० बाट. आईने लगेच अडीचने गुणलं आणि विचारलं, "आत देव तरी मोठा आहे ना?"

आतला पाचूचा बुद्ध जेमतेम दोन फुटांचा, तोही पार वर, उंच आसनावर. पाचूचा म्हणतात, पण तो दुसऱ्याच कुठल्या हिरव्या दगडाचा आहे. हे मी आईला सांगितलं नाही. ऋतू बदलला की राजा स्वतः त्याची वस्त्रं बदलतो, वर्षातून तीनदा, एवढंच सांगितलं. "तीनदाच?" आई म्हणाली. "आपल्या पांडुरंगाला रोज धूतवस्त्र लागतं."

भोवतालच्या ओवरीत मात्र ती रमली. १७८ चित्रांत अख्खं रामायण, त्यांच्या भाषेत रामकियेन. सोन्याचे मुकुट घातलेली वानरसेना, दहा तोंडांचा रावण, सगळं ओळखीचं. आई एकेका भिंतीला हात जोडत पुढे सरकत होती आणि चिरंजीव मागून मोबाईलवर वाचून दाखवत होते. सेतूपर्यंत सुरळीत चाललं.

"आजी, सेतूचे दगड एक मत्स्यकन्या पळवत असते. ती रावणाची मुलगी. हनुमान तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो."

आईचे जोडलेले हात सुटले.

"मग त्यांना मुलगा होतो."

"मकरध्वज घामाच्या थेंबापासून झाला," आई कडाडली. "मारुतीराया ब्रह्मचारी आहेत. भाषांतर चुकलंय. बंद कर तो फोन."

पोराने पुढे स्क्रोल केलं. पुढे हनुमानाची आणखी प्रकरणं निघाली. मी फोन काढून घेतला.

तिथून वाट फो नावाच्या देवळात. झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, म्हणजे उशापासून पायथ्यापर्यंत चालता चालता पोराला दोनदा तहान लागली. मागच्या बाजूला काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली. प्रत्येकात एकेक नाणं टाकत जायचं. आईने ते जपासारखं केलं. मधेच चुकलं असं वाटून ती पुन्हा पहिल्या भांड्याशी गेली. माझ्या पोटात तोवर कोळंबी उड्या मारायला लागली होती.

बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता आणि रस्ताभर निखाऱ्यांचा धूर होता. एका गाडीवर बाई कढईत नूडल्स परतत होती. तिला हातवारे करून "नो मीट, नो फिश" सांगितलं. तिने हसून मान डोलावली आणि मूठभर सोडे कढईत टाकले. अलिबागच्या माणसाला परमुलखात सोडे दिसले की काय होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. पण आईने दहा फुटांवरून नाक वर केलं. तिच्या नाकासमोर पोलिसांचं कुत्रं निवृत्त होईल. पुढची गाडी, त्याच्या पुढची गाडी; सगळीकडे नाम प्ला, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला रस. तिथे तो आपल्या फोडणीतल्या हिंगासारखा पडतो. शेवटी चौघांनी भिंतीच्या सावलीत उभ्याने दशम्या खाल्ल्या. मी गाडीकडे तोंड करून खाल्ली.

आमची दया येऊन एका कॉलेजच्या मुलीने फोनवर फोटो दाखवला. पिवळा झेंडा, त्यावर लाल अक्षर. अक्षर थाई, उच्चार 'जे', पण आपल्याला ते इंग्रजी सतरासारखं दिसतं. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस हा झेंडा पाळणारी मंडळी मांस, मासे, अंडी, दूध काहीच खात नाहीत. आणि कांदा-लसूणही नाही. त्या वर्षी ते नऊ दिवस बरोबर आपल्या नवरात्रावर आले होते.

"ऐकलंस?" आई मला म्हणाली. "सगळं जग पाळतं."

मेट्रोने दोन स्टेशनांवर चायनाटाऊन. याओवारात रस्त्यावर पाय ठेवला आणि नजर जाईल तिथे सतराच सतरा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ताटं भरभरून खात होती. "तो बघ सतरा, तिकडे सतरा," आई पोराचा हात धरून पुढे धावत होती. मात्र एका दुकानात अख्खं भाजलेलं बदक टांगलेलं बघून थबकली. ते सोयाचं होतं, शेजारचा मासाही सोयाचा. "सोडलंय तर सोडा की," ती म्हणाली, "ही सोंगं कशाला?" मग पलीकडे तळलेल्या अळकुड्या दिसल्या. त्या तिने तीन प्लेटी खाल्ल्या आणि आमच्याही तीन-तीन मागवल्या.

तेवढ्यात बायको सोन्याच्या दुकानात शिरली होती. तिकडे बाट हे पैसेही आणि सोन्याचं वजनही, साधारण दीड तोळ्याचं. "एक बाट चाळीस हजार बाटच्या वर," ती बाहेर येऊन म्हणाली. अडीचने काय गुणायचं यावर दोघींचा अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात माझ्या पुढ्यात चौथी प्लेट आली.

रात्री साडेदहाला, सगळे झोपल्यावर, मी पाय मोकळे करायला म्हणून उतरलो. कोपऱ्यावरच्या गाडीवर फोटो होता: लालबुंद कोळंबी, शेपटीसकट. बोटाने दाखवली. आली. वाफाळलेली, वर केशरी पट्टे. डोळे मिटून पहिला घास घेतला.

रबर. कसल्याशा कंदाच्या पिठाचं, रंगवलेलं. मान वर केली तर दिव्यामागे पिवळा झेंडा फडफडत होता. पैसे दिले होते, म्हणून सगळी खाल्ली.

खोलीचं दार हळूच ढकललं. आई अंधारात बसून होती.

"हात बघू."

मी हात पुढे केला. तिने हुंगला, उलटा करून पुन्हा हुंगला.

"अरेरे," ती म्हणाली, "तिथेही नाही मिळाली?"