चाप बसला म्हणे!

2026 च्या अर्थसंकल्पाचं भाषण संपतंय न संपतंय तोच पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज: "बरं झालं, सट्टेबाजांना चाप बसला." खाली अंगठ्यांची रांग.

काका, चाप कुणाला बसला ते बघा तरी!

फ्युचर्स (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला घेण्या-देण्याचा करार) विकताना लागणारा एसटीटी, म्हणजे शेअर बाजारातल्या सौद्यांवरचा कर, 0.02 टक्क्यांवरून 0.05 टक्के होणार. ऑप्शनच्या (यात घेण्या-देण्याचं बंधन नाही, फक्त हक्क) प्रीमियमवरचा, म्हणजे त्या हक्काच्या किमतीवरचा, 0.1 वरून 0.15. दोन्ही 1 एप्रिलपासून. ऐकायला चिल्लर वाटतं.

कोपरखैरण्याच्या एका पोराची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली सौद्याची पावती, समोर आहे. निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याच्या फ्युचरचा एक लॉट, म्हणजे 65 चा गठ्ठा. त्याला सुटले 10 पॉइंट, 650 रुपये. हिशेबाला सोपं म्हणून निफ्टी 25,000 धरा. सौदा झाला सव्वासोळा लाखांचा. एसटीटी 325. ब्रोकरेज, एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प, जीएसटी मिळून आणखी दीडशे. पोराच्या हातात पावणेदोनशे. एप्रिलपासून याच सौद्याला एसटीटी पडेल 812-13. म्हणजे बाजार त्याच्या बाजूने जाऊनही खिशातून तीनशे गेले. बरोबरीत सुटायलाच 15 पॉइंट हवेत.

आणि हा कर नफ्यावर नाही हो, विक्रीवर आहे! तोटा झाला तरी तेवढाच कापतात. (धंद्याचं उत्पन्न दाखवलं तर खर्चात धरता येतो, मान्य. पण त्याचा फायदा व्हायला आधी नफा तरी उरायला हवा.)

2004 साली तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी एसटीटी आणला तेव्हा बदल्यात शेअर्सच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा (वर्षाहून जास्त ठेवून विकलेल्या शेअर्सच्या नफ्यावरचा) कर काढला होता. 2018 साली तो कर परत आला, 2024 साली साडेबारा टक्के झाला. एसटीटी मात्र ठाण मांडून बसलाय, वर अंगही धरतोय.

बरं, मार कुणाला? ज्याच्याकडे शेअर्स आहेत आणि बाजार पडेल या भीतीने जो दर महिन्याला फ्युचर विकून ठेवतो, त्याला. बाजार पडला तर विकलेलं फ्युचर त्याला भरून देतं. हा सट्टेबाज नव्हे, हा विमा उतरवणारा. दर महिन्याला नवा सौदा विकायचा म्हणजे वर्षाला बारा वेळा कर. एका लॉटमागे 3,900 जायचे, आता 9,750. आर्बिट्राजवाले, म्हणजे शेअर आणि फ्युचर यांच्या भावातल्या फरकावर कमावणारे, तर पैशापैशावर जगतात. ते मागे सरले की खरेदी-विक्रीच्या भावातली फट रुंदावते, आणि तिचा भुर्दंड परत त्या कोपरखैरण्याच्या पोरालाच.

काकांवर चिडून उपयोग नाही, तेही खरं. त्यांच्या भाच्याने ऑप्शनमध्ये बरेच पैसे घालवलेत, आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीही सांगते की एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, दहातले नऊ साधे ट्रेडर तोट्यात जातात. ते मी नाकारत नाही. गोखले रोडवरून चालताना "ऑप्शन शिका" वाल्या पाट्या बघून माझंही डोकं फिरतं.

पण मग ऑप्शनला जोरात हात लावायचा होता ना! तिथे दर वाढला खरा, पण कर लागतो फक्त प्रीमियमवर. 200 रुपयांचा ऑप्शन, 65 चा लॉट, 13,000 रुपये. त्यावर एसटीटी साडेएकोणीस. त्याच निफ्टीवर फ्युचर विकलं तर 812. ज्या दारातून पोरं बुडायला जातात ते दार सताड उघडं, आणि शेजारच्या दाराला अडीचपट कुलूप. वर म्हणायचं काय, तर सट्टा कमी करतोय.

त्या पोराला दुपारी एवढंच कळवलं: "एप्रिलपासून फ्युचरमध्ये 15 पॉइंटच्या आत सुटलास तर घरचं घालशील."

लगेच उत्तर आलं: "मग ऑप्शनच करतो ना."