गच्चीवरची उत्तर दिशा

साळ्याची बदली दाभोळला झाली आणि त्यानं शिडाची जुनी होडी घेतली. होडी फिरणार वाशिष्ठीच्या खाडीत. तिची दिशा दाखवणारी साधनं निवडायची मात्र मी. कारण काय, तर "भाऊजी, तुमच्या नागपुरात सगळं मिळतं." झिरो माइलपासून कुठंही तोंड करून निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण समुद्राचे अधिकृत नकाशे काढणारं नौदलाचं कार्यालय तरी डेहराडूनलाच आहे. हे कळल्यावर माझी भीड चेपली.

सीताबर्डीत होकायंत्र मागितलं. "वास्तूसाठी पायजे का काका?"

"होडीसाठी."

"अंबाझरी तलावात?" म्हणत त्यानं तबकडी पुढं केली. आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर छापलेलं. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा कुठंच नाही.

शेवटी हातात धरायचं होकायंत्र ऑनलाइन मागवलं. गच्चीवर नेलं तर कूलरपाशी गेलं की उत्तर दिशा खुशाल सरकायची. बायको म्हणाली, "बिघडलंय, परत करा." मी समजावलं, की लोखंड जवळ आलं की काटा ढळतोच; होडीत इंजिन आणि नांगर हेच करतात. एरवी खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत आपल्याकडे जेमतेम अंशभराचा फरक. "असेल. कूलर मात्र हलणार नाही, मे महिना आहे."

मुलाच्या मते फोन पुरे. खरं तर खाडीत दोन्ही काठ डोळ्यांसमोर असताना हरवायला अंगी कसब लागतं. घोर असतो तो बुडाखालच्या पाण्याचा. नकाशातली खोली अगदी खालच्या ओहोटीची, त्यात भरतीचं पाणी आपण मिळवायचं, म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक आलं. आणि पावसाळ्यात गाळ जागा बदलतो, ते फोनला कोण सांगणार? माझं मत पडलं शिसाच्या गोळ्याला. दोरीला मीटरमीटरवर गाठी, गोळ्याच्या बुडाला खळगा. खळग्यात चरबी भरायची. तळाला वाळू आहे की चिखल, ते तिला चिकटून वर येतं.

"चरबी माझ्या घरात येणार नाही." साबणावर तडजोड झाली.

शिसं इतवारीत किलोवर मिळालं. चाचणी कॉलनीतल्या बंद पडलेल्या विहिरीत. अर्धी कॉलनी काठावर. "काऊन भाऊ, बादली पडली का?" गोळा वर आला तेवढ्यात साळ्याचा फोन.

"भाऊजी, तळ नीट कळतो ना? काय लागलंय साबणाला?"

मी नीट पाहून सांगितलं, "तंबाखूच्या खर्‍याची पन्नी."