मुंबईच्या बायका म्हाताऱ्या होताहेत आणि शहर अजून त्यांना तरुणच धरून चाललंय

परवा आत्याला घेऊन बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. आतोबा महापालिकेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला मिळते. आत्या एक्क्याऐंशीची. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. जिना लाकडी, छत्तीस पायऱ्या. ती आताशा पाठमोरी उतरते, शिडीवरून उतरावं तशी, दोन्ही हातांनी कठडा धरून. तसं उतरलं की गुडघ्यात कळ कमी येते म्हणते. रस्त्यावर पोचायला आम्हाला अकरा मिनिटं लागली.

बँकेत मशीनवर तिचा अंगठा उमटेना. चार वेळा पुसला, ओला केला, पुन्हा ठेवला. तीस वर्षं डबे करून दिले तिने. घासणी आणि पीठ यांत बोटांच्या रेषा कधीच्या झिजल्या. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजी, पुढच्या आठवड्यात या." आत्या त्याला काही बोलली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "म्हणजे परत जिना?"

मग मी हटून बसले. शेवटी एका मुलीने मोबाईलवर तिचा चेहरा स्कॅन केला आणि दोन मिनिटांत दाखला झाला. हे काम घरी खाटेवर बसूनही झालं असतं. सांगितलं कोणी नव्हतं.

परत आलो तेव्हा गॅलरीत बायका वाट बघत होत्या, "झालं का गो?" विचारायला. त्या मजल्यावर अठरा खोल्या. त्यातल्या सात खोल्यांत एकेकटी बाई आहे. सर्वांत लहान अडुसष्टची. मुलं विरारला, बदलापूरला, एकीचा कॅनडात. मी लहानपणी मे महिन्यात इथे यायचे तेव्हा याच गॅलरीत लंगोट वाळत असायचे.

मुंबई मुळात पुरुषांचं शहर. कोकणातून, घाटावरून गडी एकटा यायचा, गाळ्यात दहाबारा जणांत राहायचा, मनीऑर्डर गावी जायची आणि बाईही गावीच राहायची. बायका मागाहून आल्या, लग्न होऊन, बिऱ्हाड मांडायला. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नवरे घरी बसले, तेव्हा याच बायकांनी डबे केले, फॉल-बिडिंग केलं, भाजी विकली. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ७७७ बायका होत्या, २०११ मध्ये ८३२ झाल्या. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या मात्र ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. जागा परवडेनात म्हणून तरुण जोडपी उपनगरांत, त्याहीपुढे गेली. मागे राहिलं ते घर आणि घर राखणारी बाई. त्या पिढीत नवरा पाचसात वर्षांनी मोठा असायचा आणि बायका जगतातही जास्त. दर मजल्यावर सातसात एकट्या बायका होतात त्या अशा.

आणि हे गिरगावापुरतं नाही. ५ मे १९९२ ला चर्चगेटहून बोरिवलीला पहिली लेडीज स्पेशल, म्हणजे फक्त बायकांची लोकल, सुटली. त्यात पंचविशीची म्हणून चढलेली मुलगी आता साठीला टेकली आहे. माझी थोरली बहीण त्यातलीच. डब्यात भाज्या निवडणाऱ्या, दसऱ्याला डबा सजवणाऱ्या त्या सगळ्याजणी एकदमच निवृत्त होताहेत. खालून भर कमी. राज्याचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आलाय, म्हणजे बाईमागे दोन मुलंही नाहीत. आत्याला चार मुलं होती तरी ती एकटी आहे. आमच्या पिढीत एकेक मूल.

मला राग येतो तो इथे. सरकारदरबारी बाई म्हणजे अजूनही गरोदर बाई, नाहीतर नोकरीला जाणारी बाई. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाची. पासष्ट ओलांडली की दीड हजार बंद. पुढे म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ पेन्शन योजना आहे, पण तिथे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. महिन्याला साडेसतराशे! मुंबईत कागदावर एवढं कमी उत्पन्न कोणाचं असतं? आत्याच्या शेजारणीला पासष्ट झाल्यावर पैसे थांबले, श्रावणबाळमध्ये ती बसत नाही. तिच्या गुडघ्याच्या, रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्यातून यायच्या. ज्या वयात बाईच्या हातातली कमाई संपते त्याच वयात मदत थांबावी, हे मला कोणीही पटवून देऊ शकत नाही.

वस्तीत महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर फिरतात. गरोदर किती, बाळं किती, लस कोणाची राहिली, सगळं वहीत असतं. त्याच वहीत एक रकाना वाढवा: साठीपुढची, एकटी राहणारी बाई. जिना उतरता येतो का, संडास गॅलरीच्या टोकाला आहे की घरात, औषध आणून देणारं कोणी आहे का. आत्या रात्री संडासला जायला लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही. डॉक्टर विचारतात, लघवीची जळजळ परत परत का होते!

शेवटची जनगणना २०११ ची. सरकारच्या आकड्यांत आत्या अजून सदुसष्टची आहे, दोन डबे हातात घेऊन सरसर जिना उतरणारी. २०२७ मध्ये मोजायला येतील. तुमच्या घरी आले तर आजीचं वय अंदाजाने सांगू नका, "असेल सत्तर-पंचाहत्तर" असं तर मुळीच नको. कागद काढून नीट सांगा. चाळीत कोणी एकटी असेल तर तिचं दार वाजवायला लावा, बंद घर म्हणून पुढे जाऊ देऊ नका.

आणि ज्यांच्या घरी पेन्शनर आई, आजी, आत्या आहे त्यांनी चेहऱ्यावरून होणारा दाखला मोबाईलवर कसा काढायचा ते या आठवड्यात शिकून घ्या. मी काल आत्याच्या मजल्यावरच्या आणखी दोघींचा काढून दिला. तिसरीचा राहिला, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी निघाली की रविवारी जाणार आहे.