‘ट्रम्पेट दाबा, टीप निघेल’ : बँडवाल्यांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

लग्नसराई तोंडावर आली की विदर्भातील बँडवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. ट्रम्पेटवर टिपेचा सूर काढण्याचे पाच ‘हमखास’ उपाय त्यात दिलेले असतात. माउथपीस (ट्रम्पेटचा तोंडाला लावायचा भाग) ओठांवर घट्ट दाबा. हसल्यासारखे ओठ ताणा. छाती गच्च भरून सगळा जोर लावून फुंका. तरीही सूर निघाला नाही तर उथळ माउथपीस विकत घ्या. आणि रोज तासभर फक्त वरचेच सूर वाजवा, ओठ दुखले तरी थांबू नका, कारण दुखल्याशिवाय ओठ पक्का होत नाही. खाली गाल फुगवलेल्या एका वादकाचे चित्र असते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या बँडमध्ये नव्याने आलेली मुले हा संदेश दाखवून विचारतात, “मास्तर, हे खरं आहे का जी?” म्हणून हे सविस्तर उत्तर.

तिसरा उपाय आधी घेतो, कारण बाकीचे बहुतेक उपाय त्याच्याच गैरसमजातून निघाले आहेत. आपण वाजवतो त्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सुमारे १४८ सेंटिमीटर लांब असते. एकही पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायचा खटका, न दाबता ती नळी सा, प, तार सा, तार ग, तार प आणि त्याच्याही वर अतितार सा देते. यातल्या पहिल्या ‘सा’ला ओठांची उघडझाप सेकंदाला सुमारे २३३ वेळा होते, तार ‘सा’ला ४६६ वेळा आणि अतितार ‘सा’ला ९३२ वेळा. नळी तीच आणि बोटेही जागची हललेली नाहीत. बदलतात ते ओठ आणि त्यांच्यामागची हवा. ओठांमधली फट लहान आणि घट्ट झाल्याशिवाय ही उघडझाप एवढी जलद होत नाही आणि घट्ट फट उघडण्यासाठी तोंडातील हवेचा दाब वाढावा लागतो, एवढे संदेशाचे म्हणणे बरोबर आहे. परंतु फट लहान असल्यामुळे तिच्यातून दर सेकंदाला बाहेर पडणारी हवा खालच्या सुरापेक्षा कमीच असते. छाती गच्च भरून वरचा सूर धरणाऱ्या वादकाची हवा म्हणूनच आत तुंबते, पुढच्या जागेवर त्याला श्वास घेण्याआधी सोडावा लागतो आणि अंतऱ्याची उठावणी हातची जाते. छातीत कोंडलेल्या दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त काही क्षण अडते व डोळ्यांपुढे अंधारी येते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, पाण्याविना, वरातीत चालणाऱ्या माणसाला हा प्रयोग करायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे.

जोराऐवजी जिभेकडे लक्ष द्यावे. शीळ घालताना सूर चढवला की जिभेचा मधला भाग आपोआप टाळूकडे उचलला जातो. ‘आ’वरून ‘ई’वर जाताना होते तसेच. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हॉर्न या ट्रम्पेटसारख्याच ओठांनी वाजणाऱ्या वाद्याच्या निष्णात वादकांचे वादन चालू असताना एमआरआयने चित्रण करण्यात आले, तेव्हा सूर चढताना जीभ अशीच वर जाताना दिसली. ट्रम्पेट हाती न घेता ‘आ-ई’ करून पाहावे, मग तेच ट्रम्पेटवर, पिस्टनवरची बोटे न बदलता, प-सा, सा-ग असे हळू आवाजात करावे. हळू आवाजात यासाठी की सुराची उंची आणि आवाजाचा मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डीजेच्या भिंतीशी स्पर्धा करता करता आपण त्यांची गल्लत करून बसलो आहोत. जो टिपेचा सूर हळू निघत नाही, तो आपल्याला येत नाही असेच समजावे.

आता पहिला उपाय. माउथपीस दाबल्याने सूर निघतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. दाबल्यावर हवा गळण्याची जागा बंद होते, ओठ ताणला जातो आणि एखादा सूर खणखणीत लागतो. संदेश लिहिणाऱ्याने एवढेच पाहिले असावे. परंतु ज्या कडा थरथरायच्या त्याच दाताशी चिरडल्या जातात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि वरात निघताना लागलेला सूर मांडवापाशी पोहोचेपर्यंत फाटलेला असतो. पुढे इजाही होऊ शकते. ओठांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू फाटण्याच्या प्रकाराला १९८२ साली वैद्यकीय लिखाणात ‘सॅचमो’ हे नाव मिळाले. हे प्रसिद्ध अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचे टोपणनाव, आणि त्यांच्या ओठांचे हाल जगजाहीर होते.

मात्र याच्या उलट टोकाचा दावाही काही जण करतात, की खरा उस्ताद ट्रम्पेट दोरीला टांगून, हात न लावता टीप काढतो. तेही खरे नव्हे. ग्लासगो येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात माउथपीसवरचा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा सूर चढला आणि आवाज वाढला की दाबही वाढतो असे आढळले. दाब राहणारच, सूर काढण्याचे काम त्याच्याकडे सोपवू नये, एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी एक साधी सवय लावता येते. उजव्या हाताची करंगळी नळीवरच्या हुकात अडकवलेली असते आणि वर चढताना नकळत तीच वाद्य तोंडाकडे ओढते. सरावात करंगळी हुकातून काढून वर मोकळी ठेवावी. ज्या सुराला ती पुन्हा हुक शोधू लागते, तिथपर्यंतच आपली खरी मजल आहे. खेड्यातल्या वरातीत एक अडचण आणखी असते. पांदणीच्या खडबडीत रस्त्यावर प्रत्येक पावलाला माउथपीस ओठावर आदळते, आणि ते निसटू नये म्हणून माणूस दाबत जातो. गुडघे किंचित सैल ठेवून, पाऊल घासत न टाकता चालल्यास हा हिसका बराच कमी होतो. टिपेची जागा आली की दोन पावले थांबून वाजवण्यातही काही कमीपणा नाही.

हसल्यासारखे ओठ ताणण्याची पद्धत पूर्वी पाश्चात्त्य शिक्षकही शिकवत आणि त्यांनीच ती बहुतांशी सोडून दिली. ताणलेला ओठ पातळ होतो, माउथपीसखाली त्याला मांसल आधार उरत नाही आणि तो लवकर थकतो. तोंडाचे कोपरे जागच्या जागी घट्ट, हनुवटी सपाट आणि मधला भाग मोकळा, एवढे आरशात पाहून साधावे.

उथळ माउथपीसचा मुद्दा संदेशातला सर्वांत निरुपद्रवी, पण खिशाला चाट लावणारा आहे. बाख या वाद्यनिर्मात्या कंपनीच्या मापांत आकडा जितका मोठा तितका कडेचा व्यास लहान असतो, आणि अक्षर ए कडून पुढे सरकेल तसा कप, म्हणजे माउथपीसची आतली वाटी, उथळ होतो. आपल्याकडे बहुतेकांकडे ७सी असते. उथळ कपाने आवाज चमकदार होतो, थोडी मदतही होते, पण न येणारा सूर त्याने येत नाही. उलट ओठ सुजून कपाच्या तळाला टेकले की आवाज एकदम बंद पडतो. पैसे खर्च करण्याआधी वाद्य तपासावे. पाणी काढण्याच्या चावीचा बूच झिजला असेल तर वरचे सूर डळमळतात. बुचाला साबणाचे पाणी लावून फुंकल्यावर बुडबुडा आला की गळती कळते. माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीत वर्षानुवर्षांचा मळ साचलेला असतो, तो कोमट पाण्याने धुऊन काढावा.

संदेशात उन्हाचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत खटकते. हवेतील आवाजाचा वेग तापमानाच्या दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ट्रम्पेट चढते आणि कॅसिओ तिथेच राहतो. मग वादक ओठ सैल करून सूर खाली ओढतो. खाली हे चालून जाते. पण अतितार ‘सा’च्या आसपास नैसर्गिक सूर इतके जवळजवळ असतात की ओठ जरा सैल पडला की शेजारचाच सूर वाजतो. लोक याला ओठ कच्चा म्हणतात. इलाज म्हणजे मुख्य ट्युनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्याची सरकती नळी, थोडी बाहेर ओढणे आणि वरात निघण्यापूर्वी सावलीत नव्हे, उन्हात उभे राहून सूर जुळवणे.

पाचवा उपाय सर्वांत घातक आहे. ओठाचा स्नायू विश्रांतीत सुधारतो, दुखण्यात नाही. जितका वेळ वरचे सूर वाजवले तितकाच वेळ वाद्य खाली ठेवावे, अर्ध्या-अर्ध्या सुराने वर जावे आणि सरावाचा शेवट खालच्या लांब, हळू सुरांनी करावा. ओठ थरथरू लागला, बधिर झाला किंवा त्यावर सूज दिसली की त्या दिवसाचा सराव संपला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला लागूनच लग्नाच्या तारखा असतील, तर दोन ट्रम्पेटवाल्यांनी टिपेच्या जागा वाटून घ्याव्यात, मुखडा एकाने आणि अंतरा दुसऱ्याने. क्लॅरनेट सोबत असेल तर ती जागा त्याच्याकडेही देता येते. बयाणा देणाऱ्याला हा फरक कळतही नाही.

राहिले गाल फुगवलेले चित्र. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांचे गाल फुगत आणि तरीही ते वर सहज वाजवत, हे खरे आहे; परंतु तो त्यांच्या शरीराचा अपवाद होता, टीप काढण्याची युक्ती नव्हती. गाल फुगला की कोपरे सुटतात, आणि नव्या मुलाने चित्र पाहून तसे केल्यास प्रथम त्याचा तार ‘प’ जातो.